जुन्या चावीच्या क्रोनोग्राफची ओढ

पाणचक्की (छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार मंडळी.

जुनी घड्याळे जपणारे लोक आपल्या भागात कमी नाहीत. एचएमटी, वेस्ट एंड, फाव्र लुबा यांची चावीची घड्याळे घरोघरी होती आणि त्यांच्याविषयी इथे बरेच लिहून झाले आहे. आज मला त्यांच्यापेक्षा वेगळ्या जातीच्या घड्याळाविषयी लिहायचे आहे. वेळ दाखवणे आणि वेळ मोजणे ही दोन्ही कामे एकाच केसमध्ये करणारा मनगटी क्रोनोग्राफ हा तो विषय आहे.

माझे आजोळ भोकरदन तालुक्यातले. मामा शंकरपटात वेळ लावण्याचे काम करत. बैलजोडी सुटली की खिशातल्या स्टॉपवॉचचे बटण दाबायचे, जोडीने रेषा ओलांडली की पुन्हा दाबायचे आणि आकडा मोठ्याने सांगायचा. पटावर गोंगाट कितीही असला, तरी त्या आकड्यापुरती शांतता होत असे. एका सेकंदाचे पाच भाग होतात आणि पाचव्या हिश्शावरून जोडी जिंकते किंवा हरते, हे मी शाळेत जाण्यापूर्वीच मामांच्या तळहातावर शिकलो.

पुढे वडिलांचे एक स्नेही, ज्यांना आम्ही काका म्हणतो, पाटबंधारे खात्यात अभियंता म्हणून जायकवाडीवर होते. लालबहादूर शास्त्री यांनी १९६५ मध्ये धरणाची पायाभरणी केली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झाले. काकांची उमेदीची वर्षे त्या काळातली. कालव्यातल्या पाण्याचा वेग मोजताना ते तीस मीटर अंतरावर दोन खुणा करत, वरच्या खुणेपाशी तरंगणारा लाकडी ठोकळा सोडत आणि तो खालच्या खुणेपाशी पोहोचेपर्यंतचा वेळ मनगटावरच्या क्रोनोग्राफने घेत. गेल्या दिवाळीला त्यांनी ते घड्याळ माझ्या हातात ठेवले. ते म्हणाले, "तुझ्या मामाचे काम आणि माझे काम एकच होते."

घड्याळात लँडेरॉन ४८ हे स्विस यंत्र आहे. १९३७ पासून १९७० पर्यंत हे यंत्र लाखोंच्या संख्येने तयार झाले आणि कितीतरी कंपन्यांच्या तबकड्यांखाली बसवले गेले. म्हणजे ते दुर्मीळ नाही, महागड्या घराण्यातलेही नाही. तरीही गेले आठ महिने मी दुसऱ्या कोणत्याही घड्याळाकडे पाहिलेले नाही.

त्याचे कारण शोधताना मला असे वाटले की या घड्याळाची ओढ बटण दाबण्याच्या त्या एका क्षणात आहे. साधे घड्याळ आपण पाहतो, पण क्रोनोग्राफ आपल्याला कामाला लावतो. वरचे बटण दाबले की आत एक पट्टी सरकते. सेकंदाच्या चाकाला जोडलेले एक छोटे चाक त्या पट्टीबरोबर कलते, मधल्या क्रोनोग्राफच्या चाकात दात अडकवते आणि तोवर निश्चल उभा असलेला लांब काटा चालू लागतो. दातावर दात आला तर काटा सुरुवातीला किंचित दचकतो. तो दचका मला दोष वाटत नाही, कारण आत दोन चाके खरोखर एकमेकांना भेटली याची ती खूण आहे.

काटा शून्यावर परतण्याची युक्ती तर अधिकच सुंदर आहे. काट्याच्या आसावर हृदयाच्या आकाराचा धातूचा तुकडा बसवलेला असतो. परतीचे बटण दाबले की एक हातोडी त्याच्या कडेवर आदळते. कडेचा आकारच असा असतो की हातोडी कोठेही टेकली तरी तुकडा फिरून आपल्या सर्वांत खोलगट जागी येतो आणि त्याच्याबरोबर काटा बरोबर बाराच्या खाली येऊन उभा राहतो. अ‍ॅडॉल्फ निकोल यांनी या कल्पनेचे पेटंट १८४४ मध्ये घेतले. आजचे नवे यांत्रिक क्रोनोग्राफसुद्धा त्याच हृदयावर चालतात.

आपल्यापैकी कोणाकडे असे घड्याळ आहे का, आणि असल्यास त्यात आपल्याला नेमके काय धरून ठेवते, हे वाचायला मला आवडेल.

गोलाईकर (लातूर)

पाणचक्की सर, शंकरपटाचा उल्लेख वाचून फार आनंद झाला, कारण क्रोनोग्राफचा जन्मच शर्यतीच्या मैदानाशी जोडलेला आहे. पॅरिसमध्ये १८२१ साली निकोलस रिउसेक यांनी घोड्यांच्या शर्यतीसाठी एक यंत्र वापरले. घोडा रेषा ओलांडताना बटण दाबले की फिरत्या तबकडीवर शाईचा ठिपका पडत असे. ग्रीक भाषेत क्रोनोस म्हणजे काळ आणि ग्राफ म्हणजे लिहिणे, म्हणून हे नाव पडले. त्या यंत्राने काळ खरोखर लिहिला. नंतरच्या घड्याळांतून शाई गेली, पण नाव राहिले. त्याही आधी, १८१६ मध्ये, लुई मोइने यांनी खगोल निरीक्षणासाठी सेकंदाचा साठावा भाग मोजणारे घड्याळ पूर्ण केले होते. ते बरीच वर्षे विस्मृतीत गेले आणि २०१३ मध्ये पुन्हा जगासमोर आले.

माझ्याकडे एकच क्रोनोग्राफ आहे आणि त्याच्या तबकडीच्या कडेला टेलिमीटरची पट्टी आहे. तोफेचा उजेड दिसल्यापासून आवाज ऐकू येईपर्यंतचा वेळ मोजून तोफ किती दूर आहे हे सांगण्यासाठी ही पट्टी असे. माझी शेती औसा तालुक्यात आहे. मृगाच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात आपल्याकडे विजा किती पडतात आणि दरवर्षी किती घरांतली माणसे व जनावरे जातात, हे कोणाला सांगायला नको. वीज चमकली की मी वरचे बटण दाबतो आणि गडगडाट कानी आला की काटा थांबवतो. काटा ज्या आकड्यावर थांबेल, तितके किलोमीटर अंतर असते. आवाजाला एक किलोमीटर कापायला साधारण तीन सेकंद लागतात. हवा तापलेली असेल तर आवाज थोडा वेगाने जातो, त्यामुळे आपल्या उन्हाळ्यात पट्टी खऱ्या अंतरापेक्षा किंचित कमी आकडा दाखवते. ही चूक सावधगिरीच्या बाजूची आहे.

वीज आणि गडगडाट यांत तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल, तर गड्यांना रानातून पक्क्या छताखाली आणायचे, हा नियम मी पाळतो. झाडाखाली कोणाला थांबू देत नाही. युद्धासाठी काढलेली पट्टी माझ्या सोयाबीनच्या रानात माणसे राखण्याच्या कामी येते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

कोरडवाहू (बीड)

दोघांचेही लेखन मनापासून आवडले, पण एक शंका स्पष्ट विचारतो. हातातल्या मोबाइलमध्ये सेकंदाचा शंभरावा भाग मोजता येतो. वीज मोजायलाही तो पुरे. मग दुरुस्तीला वारंवार पैसे मागणाऱ्या, रोज चावी मागणाऱ्या आणि दिवसाला काही सेकंद मागेपुढे होणाऱ्या घड्याळावर खर्च का करावा? आपल्याकडे दोन सलग वर्षे पाऊस हुकला की घरातले सोनेही बाहेर काढावे लागते. अशा भागात हा संग्रह म्हणजे श्रीमंतांची हौस आहे, असे कोणी म्हटले तर आपण काय उत्तर द्याल? वाद घालण्यासाठी विचारत नाही, माझ्याच मनात हा प्रश्न आहे.

पाणचक्की (छत्रपती संभाजीनगर)

कोरडवाहू दादा, प्रश्न योग्य आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही.

अचूकतेच्या बाबतीत आपले म्हणणे मी पूर्ण मान्य करतो. माझे यंत्र तासाला अठरा हजार ठोके देते, म्हणजे सेकंदाला पाच. त्याहून बारीक ते मोजू शकत नाही. पण मोबाइलच्या शंभराव्या भागात आपल्या बोटाचा उशीरही मिसळलेला असतो, हे आपण विसरतो. हाताने घेतलेल्या वेळेत पाचव्या हिश्शापलीकडची अचूकता बहुधा कागदावरचीच असते. जुन्या घड्याळाची मर्यादा माणसाच्या हाताच्या मर्यादेशी जुळते, म्हणून त्याचा आकडा मला प्रामाणिक वाटतो.

खर्चाविषयी माझे मत ठाम आहे. कर्ज काढून किंवा घरच्या गरजा मागे सारून घड्याळ घेऊ नये. भाव वाढेल या आशेने तर मुळीच घेऊ नये. अभिनेते पॉल न्यूमन यांचा रोलेक्स डेटोना हा क्रोनोग्राफ २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात एक कोटी सत्याहत्तर लाख डॉलरच्या वर गेला आणि तेव्हापासून अनेकांना प्रत्येक जुना क्रोनोग्राफ म्हणजे पुरलेला हंडा वाटू लागला. त्या घड्याळाच्या मागे त्यांच्या पत्नीने जपून गाडी चालवण्याविषयी तीन शब्द कोरून घेतले होते. मला ते तीन शब्द किमतीपेक्षा महत्त्वाचे वाटतात, कारण त्यांच्यामुळे ते एका घरातले घड्याळ आहे हे कळते. संग्रह म्हणजे कपाट भरणे, असे मी मानत नाही. एकच घड्याळ असावे, ते कोणत्या कामासाठी घडले हे माहीत असावे आणि त्याच्याकडून ते काम अधूनमधून करून घ्यावे.

डॉक्टर_अंबाजोगाई

माझे वडील अंबाजोगाईच्या परिसरात वैद्यकीय व्यवसाय करत. इथे १९७४ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्याच्याही आधीपासूनची ही गोष्ट आहे. त्यांच्याकडे नाडीची पट्टी असलेला क्रोनोग्राफ होता आणि आता तो माझ्याकडे आहे. तबकडीवर तीस ठोक्यांसाठी आखणी केलेली आहे. काटा सुरू करायचा, नाडीचे तीस ठोके मोजायचे आणि काटा थांबवायचा. तीस ठोक्यांना पंचवीस सेकंद लागले असतील तर काटा बरोबर ७२ या आकड्यावर उभा असतो. गुणाकार करावा लागत नाही.

एक सूचना डॉक्टर म्हणून करणे माझे कर्तव्य आहे. नाडी अनियमित असेल तर ही पट्टी फसवते. तीस ठोके ज्या काही सेकंदांत पडले ते सेकंद बाकीच्या मिनिटाचे प्रतिनिधी असतीलच असे नाही, म्हणून अशा रुग्णाची नाडी पूर्ण मिनिटभर मोजावी. वडील ही गोष्ट त्यांच्या मदतनीसांना आवर्जून शिकवत. घड्याळ हातात असताना त्यांचे बोट रुग्णाच्या मनगटावर आणि लक्ष रुग्णाच्या चेहऱ्यावर असे. तबकडीकडे ते काटा थांबवल्यावरच पाहत. थांबलेला काटा आकडा धरून ठेवतो, त्यामुळे नजर मोकळी राहते. कोरडवाहूंच्या प्रश्नाला माझे उत्तर हेच आहे.

सेलूकर (परभणी)

तबकडीवरच्या खुणांचा विषय निघालाच आहे, म्हणून एक माहिती जोडतो. अनेक जुन्या क्रोनोग्राफमध्ये मिनिटे मोजणाऱ्या छोट्या वर्तुळात तीन, सहा आणि नऊ या मिनिटांच्या रेषा इतरांपेक्षा लांब असतात. पुष्कळांना ती नुसती सजावट वाटते. प्रत्यक्षात दूरच्या टेलिफोन कॉलचे पैसे तीन-तीन मिनिटांच्या हिशोबाने लागत, त्यासाठी त्या रेषा आहेत. आपल्याकडे ट्रंक कॉल लावून बसलेली पिढी अजून हयात आहे. तीन मिनिटे संपत आली की आवाज कसा घाईचा होत असे, हे त्यांना विचारावे.

माझ्याकडे दोन क्रोनोग्राफ आहेत. त्यांतला एक सेइको ६१३९ आहे, जो माझ्या चुलत्यांनी कुवेतमध्ये नोकरी करताना घेतला होता. स्वतःहून चावी भरणारे मनगटी क्रोनोग्राफ १९६९ या एकाच वर्षात तीन ठिकाणांहून पुढे आले. झेनिथचा एल प्रिमेरो, ब्रायटलिंग, होयर-लिओनिडास, हॅमिल्टन-ब्युरेन आणि दुबुआ-देप्रा यांनी मिळून केलेले कॅलिबर ११, आणि जपानचे हे सेइको. पहिला कोण, यावर संग्राहक आजही वाद घालतात. मला तो वाद निष्फळ वाटतो. सेइकोचा एक क्रोनोग्राफ अंतराळवीर विल्यम पोग यांच्या मनगटावर १९७३-७४ मध्ये स्कायलॅबवर ८४ दिवस राहिला आणि त्याच जातीचे घड्याळ चुलत्यांच्या हातावर वाळवंटातल्या बांधकामावर राहिले, हे मला पुरेसे आहे.

याच वर्षी, २५ डिसेंबर १९६९ ला, सेइकोने क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत यांत्रिक घड्याळांचे कारखाने ओस पडले. झेनिथमध्ये १९७५ साली यांत्रिक क्रोनोग्राफची निर्मिती बंद करण्याचा आदेश आला. तेव्हा शार्ल व्हर्मो नावाच्या कारागिराने आदेश न जुमानता साचे, अवजारे आणि कागद माळ्यावर लपवून ठेवले. १९८०च्या दशकात ती निर्मिती पुन्हा सुरू झाली ती त्या माळ्यामुळेच. क्रोनोग्राफविषयी माझ्या मनात जी ओढ आहे तिच्यात या माणसाचा वाटा मोठा आहे.

घडीसाजपुत्र (नांदेड)

वडील घडीसाज होते आणि मी त्यांच्याच टेबलावर बसतो. आपण सर्वांनी सुंदर लिहिले आहे. मी टेबलाच्या या बाजूने काही सांगतो, कारण ओढ असली तरी अज्ञानामुळे पुष्कळ घड्याळे माझ्यासमोर मोडून येतात.

पाणचक्की साहेब, आपल्या लँडेरॉनमध्ये वरचे बटण फक्त चालू करते. खालचे बटण पहिल्या दाबाला थांबवते आणि दुसऱ्या दाबाला शून्यावर आणते. इतर बहुतेक क्रोनोग्राफमध्ये वरचेच बटण चालू आणि बंद करते. हा फरक माहीत नसल्यामुळे लोक वरचे बटण जोरजोराने दाबत राहतात आणि आतली पट्टी वाकते. बटणाने नकार दिला तर जबरदस्ती करू नये. आत काहीतरी जागेवर नाही, एवढेच ते सांगत असते.

आपण ज्या दचक्याचे वर्णन केले आहे, तो मर्यादेत असावा. दोन चाके किती खोल अडकतात हे मध्यापासून बाजूला सरकलेल्या आसाच्या एका (एक्सेंट्रिक) स्क्रूने ठरते. ती खोली जास्त झाली तर क्रोनोग्राफ चालू करताच सगळे घड्याळ थांबते. कमी झाली तर काटा थरथरत चालतो. मी भिंगातून पाहून तो स्क्रू केसभर फिरवतो आणि पुन्हा पाहतो, कधी कधी अर्धा दिवस याच एका कामात जातो. त्या चाकांच्या दातांना तेल लावायचे नसते. नवशिका कारागीर सढळ हाताने तेल देतो, आपल्याकडची धूळ त्यावर बसते आणि काही महिन्यांत दात झिजू लागतात. मेमधल्या उष्णतेने इतर जागांचे तेलही लवकर सुकते. वापरातले घड्याळ चार-पाच वर्षांनी पूर्ण उघडून साफ करून घ्यावे.

जुन्या आडव्या जोडणीच्या, म्हणजे चाकाचे दात चाकात अडकणाऱ्या, क्रोनोग्राफचा लांब काटा दिवसभर चालू ठेवू नये. त्याने यंत्रावर भार पडतो आणि बॅलन्सचा, म्हणजे वेळ राखणाऱ्या डोलत्या चाकाचा, झोका कमी होतो. सेलूकर यांच्या सेइकोची जोडणी उभी आहे, दोन चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात, म्हणून तिथे ही काळजी कमी आहे. त्या घड्याळाला वेगळा सेकंद काटा नसल्याने लोक क्रोनोग्राफचाच काटा सतत चालू ठेवत आणि ते त्याला सोसत असे.

पावसात किंवा घामेजल्या हाताने बटण दाबू नये. पाणी आत शिरायला ती सर्वांत सोपी वाट आहे. औसेकर मंडळींनी वीज मोजताना हे ध्यानात ठेवावे. १९६०च्या दशकापर्यंत काट्यांवर आणि आकड्यांवर रेडियमचा चमकणारा रंग असे. त्याची चमक गेलेली असते, पण किरणोत्सर्ग गेलेला नसतो, त्याचे आयुष्य हजारो वर्षांचे आहे. अशी तबकडी घरी उघडून खरवडू नये, ती भुकटी श्वासातून आत जाणे धोक्याचे आहे.

गोलाईकर (लातूर)

सूचनेबद्दल आभारी आहे. यापुढे थेंब पडू लागण्यापूर्वीच मोजणी थांबवीन.

मला रंगवलेल्या तबकड्यांविषयी विचारायचे आहे. मी इंटरनेटवरून पहिला क्रोनोग्राफ घेतला होता. विक्रेत्याने तो मूळ स्थितीत असल्याचे सांगितले होते. हाती आल्यावर कळले की तबकडी पूर्ण नव्याने रंगवलेली आहे. सेकंदांच्या पाच भागांच्या रेषा कोठे दाट तर कोठे विरळ होत्या आणि टॅकिमीटरचे, म्हणजे कडेच्या वेग मोजण्याच्या पट्टीचे, आकडे चुकले होते. पैसे परत मिळाले नाहीत. इतरांनी फसू नये म्हणून ओळख कशी करावी?

घडीसाजपुत्र (नांदेड)

आपण नेमका दोष पकडलात. रंगवणाऱ्याला आकडे वाटेल तसे काढता येतात, गणित बदलता येत नाही. टॅकिमीटरवर तीस सेकंदांसमोर १२० आणि पंचेचाळीस सेकंदांसमोर ८० हेच आकडे असले पाहिजेत, कारण एका किलोमीटरला लागलेल्या सेकंदांनी ३६०० ला भागले की ताशी वेग निघतो. हे आकडे सरकलेले असतील तर तबकडी मूळची नाही. छोट्या वर्तुळांत मूळ तबकडीवर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या बारीक गोल रेषा बहुधा असतात, त्या रंगाखाली बुजतात. लांब काट्याचे टोक सेकंदांच्या रेषांपर्यंत पोहोचत नसेल तर काटा दुसऱ्या घड्याळाचा आहे.

या व्यवसायातला म्हणून एक गोष्ट मनापासून सांगतो. वडिलांच्या काळी गिऱ्हाईक स्वतःच सांगत असे की तबकडी काळवंडली आहे, मुंबईहून रंगवून आणा. तबकडी रंगवणे हे तेव्हा सचोटीचे काम होते आणि ते करणारे हात कसबी होते. तीच तबकडी आज मूळची म्हणून विकणे ही फसवणूक आहे. दोष रंगाचा नाही.

कोरडवाहू (बीड)

माझ्या प्रश्नाला इतकी मनापासून उत्तरे मिळतील असे वाटले नव्हते. घड्याळ मी विकत घेणार नाही, पण पाणचक्की सरांना विनंती आहे की त्या क्रोनोग्राफने कालव्यावर पुन्हा एकदा मोजणी करून पाहावी आणि आकडे इथे लिहावेत.

पाणचक्की (छत्रपती संभाजीनगर)

आवर्तन सुटल्यावर गेल्या रविवारी काकांना गाडीत बसवून पैठणकडे गेलो. वय झाल्याने त्यांना काठावर उभे राहवत नव्हते, म्हणून पुलाजवळ खुर्ची टाकली. टेपने तीस मीटर अंतर मोजले, दोन खुणा केल्या आणि माझ्या मुलाने वरच्या बाजूने ठोकळे सोडले. चार वाचने मी घेतली. ती ३८.४, ३७.८, ३८.२ आणि ३८.६ सेकंद अशी आली. काकांनी प्रत्येक आकडा वहीत लिहिला. पहिल्या वाचनानंतर ते म्हणाले, की मी ठोकळा खुणेपाशी आल्यावर बटण दाबतो आहे, तो येताना दिसला की अंगठा आधीच बटणावर टेकवून ठेवायला हवा.

पाचव्या वेळी त्यांनी घड्याळ मागून घेतले. त्यांचे वाचन ३८.० आले. पाचांची सरासरी ३८.२ सेकंद, म्हणजे पृष्ठभागाचा वेग सेकंदाला सुमारे ०.७९ मीटर. तळाशी आणि कडेला पाणी मंद असते म्हणून त्याला ०.८५ ने गुणायचे, हे त्यांनी मला सांगितले नाही, मुलाला सांगितले आणि त्याच्याकडूनच गुणाकार करवून घेतला. उत्तर ०.६७ आले. मग त्यांनी खालचे बटण दाबले, काटा बाराखाली आला आणि घड्याळ त्यांनी मुलाच्या हातात दिले.